पाडव्याला वाफा परत करू का?

पत्र थोडक्यात असं: जुळे सोलापूरकडच्या एका सोसायटीत राहणाऱ्या ताई, वय ४६, शाळेत शिकवतात. गेल्या जूनमध्ये सोसायटीनं मोकळ्या जागेत बारा घरांना १२ बाय २० फुटांचे वाफे वाटून दिले, खाली मुरूम होता म्हणून वर ट्रॉलीनं काळी माती आणून टाकली. ताईंनी पावसाळ्यात टोमॅटो, वांगी, मिरची लावली, थंडीत मेथी, कोथिंबीर, गाजर केलं. टोमॅटोची झाडं छातीएवढी वाढली पण फळं मोजून अकरा. वांगी वीतभर होऊन तिथंच थांबली, मिरचीची पानं आकसली, मेथी पिवळी पडली, कोथिंबीर चार आण्यांनी उगवली आणि गाजरं करंगळीएवढी, तीपण दोन पायांची. शेणखत घातलं, दोन किलो युरिया घातला, दुकानातून टॉनिक आणलं, व्हिडिओ बघून जीवामृत केलं, रोज संध्याकाळी न चुकता पाईपनं पाणी दिलं. दोन वाफे सोडून पलीकडच्या काकूंची पालक मात्र गुडघ्याला लागतीय. सासूबाई मंगळवेढ्याकडच्या, त्या म्हणतात काळ्या मातीत काय घालावं लागत नाही, हाताला गुण लागतो. मिस्टर म्हणतात सोड, मंडईतून आणू. गुढीपाडव्याला सोसायटी वाफे परत वाटणार आहे. ताईंचे प्रश्न तीन: जमीनच खराब आहे का, आता कुठलं खत घालू, आणि वाफा परत करू का?

ताई, तुमचं पत्र वाचून पहिल्यांदा हसू आलं, राग मानू नका, तुमच्यावर नाही माझ्यावर. बरीच वर्षं झाली, सोलापूरजवळच्या बाळे गावात घरामागं जागा होती तिथं मी पहिल्यांदा भाजी लावली तेव्हा तळ्यातला गाळ आणून फूटभर जाड पसरला होता, लोक म्हणायचे गाळ म्हणजे सोनं. सोनंच निघालं ते, तेवढंच कडक. पहिल्या पावसात रबडी, उन्हात फरशी, आणि मधल्यामधे माझी टोमॅटो मेली. मीपण तुमच्यासारखंच खतावर खत घालत बसलो होतो आणि शेजाऱ्याच्या वाफ्याकडं चोरून बघत होतो.

तेव्हा सुरुवात हाताच्या गुणापासून करू. सासूबाईंचं म्हणणं सरळ उडवून लावू नका, त्यांनी आयुष्यभर जे बघितलंय ते खरंच आहे. मंगळवेढ्याच्या शिवारात मालदांडी ज्वारी एकदा पेरली की नंतर पाऊस नाही पडला तरी जमिनीत साठलेल्या ओलीवर कणसाला येते, खत नाही, पाणी नाही. पण ती जमीन बघा कसली आहे, पुरुषभर खोल काळी, दर उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरची भुसभुशीत माती त्या भेगांत पडते, पावसाळ्यात ती फुगून वर येते, म्हणजे ती जमीन स्वतःच स्वतःला नांगरत असते आणि हे काम हजारो वर्षं चाललेलं आहे. तुमच्या वाफ्यात काय आहे? रोलर फिरवलेला मुरूम आणि त्यावर कुठूनतरी उकरून आणलेली आठ-दहा इंच काळी माती. रंग सारखा आहे म्हणून दोन्हीला काळी माती म्हणायचं. ती जमीन नाही ताई, तो अजून ढीग आहे. त्याची जमीन व्हायला दोन-तीन वर्षं लागतात आणि तुमचं त्यातलं पहिलं वर्ष आत्ता संपतंय.

आणि ती ट्रॉलीतली माती कुठली होती ते सोसायटीत कुणाला तरी विचारा. शेतातली वरची वीतभर असेल तर नशीब. बऱ्याचदा काय होतं, कुणाच्या तरी बंगल्याच्या पायाची नाहीतर विहिरीची माती असते, म्हणजे खालच्या थरातली, तिच्यात कुजलेला पालापाचोळा जवळपास शून्य आणि चुनखडीचे पांढरे खडे भरपूर. वाफ्यातली मूठभर कोरडी माती बशीत घ्या, स्वयंपाकघरातलं व्हिनेगर चमचाभर ओता, कान जवळ नेऊन ऐका. बारीक फसफसलं तर चुना आहे. आपल्या भागात बहुतेक फसफसतंच, त्यानं घाबरायचं नाही, पण पुढं मेथीचं सांगतो तेव्हा हे लक्षात ठेवा.

आता मेन गोष्ट. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, "खाली मुरूम आहे त्यामुळं निचऱ्याचा प्रश्न नाही." मला वाटतं तुमचा सगळा घोटाळा इथंच आहे, आणि हा गैरसमज इतका पसरलेला आहे की बांधकामवाले, माळी, सगळे हेच सांगतात. खरं उलटं आहे. बारीक चिकट माती वर आणि जाडी भरड खाली असं असलं की पाणी झटकन खाली उतरत नाही, वरची माती पूर्ण चिंब होईपर्यंत ते वरच्याच थरात धरून ठेवलं जातं. भिजलेला स्पंज जाळीवर ठेवला तरी त्यातलं सगळं पाणी गळून जात नाही, तसंच. त्यात तुमचा मुरूम दाबलेला, म्हणजे स्पंजाखाली जाळी नाही, ताटच. आणि तुम्ही रोज संध्याकाळी पाणी देताय! वरून दोन बोटं माती सुकलेली दिसते, तिला भेग पडते, तुम्हाला वाटतं झाड तहानलं, आणि खाली वीतभरावर चिखल. मुळांना पाणी लागतं तशी हवापण लागते. तुमची वांगी उपाशी नव्हती, गुदमरली होती, आणि गुदमरलेल्या माणसाला आपण जेवायला वाढत होतो.

हे मी इथं बसून सांगतोय, चूकपण असू शकतो, म्हणून खात्री करून घ्या. वाफ्याच्या एका कोपऱ्यात फूटभर खोल, फूटभर रुंद खड्डा घ्या. संध्याकाळी तो पाण्यानं भरा आणि सोडून द्या. सकाळी परत भरा, त्यात एक काठी उभी करून खूण करा आणि तासाभरानं बघा. तासाला इंचभर पाणी उतरलं तर निचरा ठीक आहे, माझं म्हणणं खोटं. अर्धा इंचपण उतरलं नाही तर खत विसरा, आधी तेच काम. आणि सकाळी बघाल तेव्हा कालचंच पाणी तसंच असेल तर मग बोलायलाच नको. खड्ड्याच्या कडेलापण बघा, काळी माती आणि मुरूम यांची रेघ कापल्यासारखी दिसते का, मुळं त्या रेघेवर येऊन आडवी वळलीयत का. खालच्या मातीचा वास घ्या, नासक्या अंड्यासारखा वास म्हणजे तिथं हवा नाही.

सासूबाईंना खड्डा दाखवा आणि एकच शब्द विचारा, वाफसा. त्यांना सांगावं लागणार नाही. ओल आहे पण चिखल नाही, पाय रुतत नाही, माती हाताला चिकटत नाही, मातीत पाणीपण आहे आणि हवापण आहे, ही ती अवस्था. शेतकरी पेरणीला, कोळपणीला, सगळ्याला वाफसा येण्याची वाट बघतो, आणि आपण शहरातली माणसं घड्याळ बघून पाणी देतो. वाफसा बघायचा सोपा प्रकार म्हणजे वाफ्यातली चार बोटं खोलची माती घ्यायची, मुठीत दाबून लाडू करायचा आणि कमरेएवढ्या उंचीवरून खाली सोडायचा. लाडू फुटला तर वाफसा आहे, काम करा, बी टाका. तसाच थापकन बसला तर पाणी बंद, पायपण ठेवू नका. लाडू वळतच नसेल तर पाणी द्यायची वेळ झाली. नुसतं हे केलं तरी माझ्या मते तुमचा अर्धा प्रश्न सुटेल. पाणी द्याल तेव्हा भरपूर द्या, मग थांबा. थंडीत वांग्या-मिरचीला आठ-दहा दिवसांनी, उन्हाळ्यात चार-सहा दिवसांनी, पालेभाजीला त्याहून लवकर, पण हे आकडे पाठ करू नका, लाडू सांगेल ते खरं.

मधल्या काळात माती भेगाळते ती खुरप्यानं वरवर हलवून बुजवायची, म्हणजे आतली ओल उडत नाही. आपल्याकडं म्हणतातच की कोळपणी म्हणजे अर्धं पाणी. सोलापूरला १९३३ पासून कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचं केंद्र आहे, तिथून जी पद्धत पुढं आली तिचा गाभापण हाच होता, बांध घाला, पाणी मुरवा, बी कमी टाका, लांब लांब पेरा, कोळपण्या करा. तुमच्या फोटोत मेथी आणि गाजर दोन्ही इतकं दाट दिसतंय की मुंगीला वाट मिळायची नाही. विरळणी केली नाही ना? जीव होत नाही उपटायला, माहितीय. पण गाजराला बोटभर अंतर नाही मिळालं तर ते करंगळीच होणार, आणि ढेकळं असलेल्या चिकट मातीत त्याला खाली ढेकूळ लागलं की ते दोन पाय फोडणार. खरं सांगू, पहिल्या वर्षीच्या भरावाच्या मातीत गाजर लावायचंच नसतं. ही तुमची चूक नाही, पिकाची निवड चुकली, विषय संपला.

आता काकूंची पालक. ताई, तुम्ही तुमच्या मेथीची आणि गाजराची तुलना त्यांच्या पालकशी करताय. पालक आणि बीट खारं पाणी, खारवट जमीन बऱ्यापैकी सोसतात. गाजर, घेवडा, कांदा यांना ते अजिबात सोसत नाही, मिरची-टोमॅटो मधेच कुठंतरी. त्यामुळं त्यांची पालक गुडघ्याला लागली यावरून त्यांचा हात चांगला आहे असंच काही ठरत नाही, कदाचित तुमच्या सगळ्यांच्याच वाफ्यात क्षार जास्त आहेत आणि त्यांनी योगायोगानं सोसणारं पीक लावलंय असंपण असेल. काकूंना विचारा त्यांची गाजरं कशी आली! आणखी एक, बांधकाम चालू असताना सिमेंटचा मिक्सर कुठं उभा होता, वाळू-खडीचा ढीग कुठं होता ते जुन्या वॉचमनला विचारा. नेमकं तिथं तुमचा वाफा आला असेल तर सिमेंटच्या राड्यानं ती जागा जास्त अल्कलाईन झालेली असते आणि दोन वाफे सोडून चित्र वेगळं असू शकतं.

पाण्याचंपण बघावं लागेल. महापालिकेचं पाणी आपल्याला रोज येत नाही हे तुम्हाला मी काय सांगावं, त्यामुळं बागेला बोअरचंच जाणार. बोअरचं पाणी जड, वाफ्याच्या कडेला सुकल्यावर पांढरी पापडी धरते का बघा. पण त्याहून वाईट गोष्ट वेगळीच असते. तुमच्या सोसायटीत सॉफ्टनर प्लांट बसवलाय असं पत्रात ओझरतं आलंय. बागेचा नळ त्या सॉफ्टनरच्या आधीच्या लाईनवर आहे का नंतरच्या? हे आजच प्लंबरला विचारा. सॉफ्टनर पाण्यातला कॅल्शियम काढून त्याच्या जागी सोडियम सोडतो, म्हणून तर त्यात मिठाच्या गोण्या ओतत असतात. कपड्यांना ते पाणी छान, पण काळ्या मातीला सोडियम म्हणजे विष, मातीचे कण सुटे होऊन छिद्रं बुजवतात, पाणी मुरत नाही, सुकल्यावर वर फरशी तयार होते. नळ नंतरच्या लाईनवर असेल तर बाराही घरांचा प्रश्न आहे, एकट्या तुमच्या हाताचा नाही. आणि फिल्टरचं, म्हणजे आरओचं वाया जाणारं पाणी झाडांना घालून पुण्य मिळवणारे पुष्कळ आहेत, त्यात क्षार अजून घट्ट झालेले असतात, ते लादी पुसायला वापरा.

आता तुमचा दुसरा प्रश्न, कुठलं खत. आधी हिशोब करू, तुम्ही शिक्षिका आहात, आवडेल तुम्हाला. तुमचा वाफा २४० चौरस फूट, म्हणजे साधारण २२ चौरस मीटर. भाजीपाल्याला हेक्टरी १०० किलो नत्र, म्हणजे नायट्रोजन धरलं, आणि युरियात नत्र निम्म्याच्या आसपासच असतं, तर तुमच्या वाट्याला पूर्ण हंगामात युरिया येतो अर्धा किलोच्या आतबाहेर, तोपण दोन-तीन हप्त्यांत विभागून. तुम्ही दोन किलो घातला. मग टोमॅटो छातीएवढा होऊन पानंच पानं करणार नाही तर काय करणार, त्याला फळाची आठवण कशाला येईल. त्यात बाकी झाडांची मुळं आधीच गुदमरलेली, त्यांनी तो घेतलाच नाही. शेणखत चांगलं कुजलेलं, हेक्टरी २५ टनांच्या हिशोबानं ५५-६० किलो, आणि तुमची माती भरावाची आहे म्हणून पहिली दोन वर्षं दुप्पट घातलं तरी चालेल. पण कुजलेलं! तुम्ही लिहिलंय शेणखत "गरम" होतं आणि त्यात काड्या होत्या, म्हणजे ते कच्चं होतं. कच्चं शेण मातीत कुजताना झाडाच्या वाटचं नत्र खातं, वर मुळं खाणाऱ्या हुमणीच्या अळीला आमंत्रण. खणताना इंग्रजी सी आकाराच्या पांढऱ्या जाड अळ्या दिसल्या का? दिसल्या तर वांगी का थांबली त्याचं हेपण एक कारण, अळ्या वेचून काढा. चांगल्या शेणखताला शेणाचा वास येत नाही, पहिल्या पावसाचा येतो. ओळखीत कुणी धनगर असतील तर लेंडीखत मिळवा, उन्हाळ्यात मेंढ्या बसवलेल्या शेताचा फरक ज्यानं बघितलाय तो दुसरं नाव घेत नाही. तुमच्या सोसायटीत मेंढ्या बसवायला कमिटी परवानगी देणार नाही, म्हणून आपलं पोत्यानं.

टॉनिक बंद करा. जीवामृत वाईट नाही, पण चिखलात जीवाणू टाकून तेपण गुदमरणारच.

मेथी पिवळी पडली म्हणताय पण कुठली पानं ते लिहिलं नाही आणि फोटोत नीट कळत नाही, म्हणून तुम्हीच बघायचं. खालची जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर नत्र कमी पडतंय. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या असतील तर लोह कमी, शेतकरी याला केवडा पडला म्हणतात. मातीत लोह नाही असं नसतं, चुन्यामुळं आणि चिखलामुळं ते मुळांना घेता येत नाही. तात्पुरता उपाय म्हणजे हिराकस (फेरस सल्फेट), लिटरला ५ ग्रॅम, त्यात अर्धं लिंबू पिळून, उन्हं उतरल्यावर फवारायचं, आठवड्यानं परत एकदा. रंग परत येतो, पण मुळाशी चिखल तसाच ठेवला तर परत पिवळं. हिराकस मातीत टाकू नका, चुन्याच्या मातीत तो वायाच जातो. आणि पुढं भेंडी लावाल तेव्हा उलटं दिसेल, शिराच पिवळ्याधमक आणि मधलं पान हिरवं, तो व्हायरस, पांढरी माशी पसरवते, तिथं हिराकस चालत नाही, झाड उपटून बाहेर.

मिरचीचं लवकर आवरतो. पानं वरच्या बाजूला वाटीसारखी वळली तर फुलकिडे, खाली वळली तर कोळी नावाची बारीक कीड. दोन्हीला सुरुवातीलाच निंबोळी अर्क मारत राहिलं तर आटोक्यात राहतात, एकदा शेंडा गेला की मग ती मिरची दृष्ट काढायलाच. फक्त एक पाहून ठेवा, जवळपास कुणाचा ऊस आहे का. उसात तणनाशक मारताना वाऱ्यानं उडून आलं की टोमॅटो, मिरची, भेंडीची पानं अरुंद, पिळवटलेली, पंज्यासारखी होतात आणि आपण व्हायरस म्हणून औषधं मारत बसतो.

मुळंपण उपटून बघा. वांग्याच्या मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे बारीक जंत. तुमच्या भागातले पुष्कळ प्लॉट पूर्वी शेतीचेच, त्यात कुठं डाळिंबाची बाग काढून प्लॉट पाडले असतील आणि माती तिथलीच असेल तर ही शक्यता जास्त, डाळिंबाला सूत्रकृमीचा त्रास फार. मेथीच्या मुळांवरच्या गाठींना मात्र घाबरू नका, त्या चोळल्या की सुटून येतात आणि आत गुलाबी असतात, त्या मित्राच्या गाठी, नत्र देणाऱ्या. सूत्रकृमीची गाठ सुटत नाही, मूळच सुजलेलं असतं. तसं निघालं तर एक हंगाम दाट झेंडू लावा, दसऱ्याला फुलं विकून वर्गणी निघेल.

एवढं बघून झालं की माती आणि पाणी दोन्ही तपासायला द्या. सरकारी माती परीक्षण प्रयोगशाळा किंवा कृषी विज्ञान केंद्र, कुठंही. नमुना मात्र नीट घ्या, वाफ्यात आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल इंग्रजी व्ही सारखा खड्डा, कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडायची, सगळी एकत्र करून चार भाग, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत अर्धा किलो उरवायची. युरिया घातल्या घातल्या घेऊ नका. रिपोर्टमधे सामू (म्हणजे पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि मुक्त चुना एवढ्या चार ओळी आधी वाचा. सामू साडेआठच्या वर गेला असेल तर जिप्समचा विचार करायचा, पण तिथल्या माणसाला विचारून, मनानं नाही. बारा घरांनी मिळून तीन-चार नमुने दिले तर एकट्यावर भार येत नाही.

आता पाडवा. ताई, माझं मत वाफा सोडू नका, पण तुमचं मन नसेल तर सोडण्यात लाजण्यासारखंपण काही नाही. मिस्टरांचं म्हणणंपण अगदीच चूक नाही, थंडीत लक्ष्मी मंडईत मेथीची जुडी मातीमोल मिळते आणि पहिल्या वर्षी घरची भाजी बाजारापेक्षा महागच पडते, पैसे वाचवायला हे करत असाल तर नका करू. पण तुमच्या पत्रात पैशाचा शब्द नाही, काकूंच्या पालकचा चार वेळा आहे. लाज वाटते म्हणून सोडत असाल तर निदान खड्डा करून बघा आणि मग ठरवा.

खरी अडचण तुमच्या सोसायटीच्या नियमात आहे. दर पाडव्याला वाफे परत वाटले तर जमीन कोण सुधारणार? सगळे युरिया घालून एका वर्षाचं काढून घेणार आणि पुढच्याला ढेकळं देणार. मीटिंगमधे एवढंच मांडा की वाफा तीन वर्षांसाठी द्या, ज्याला सोडायचाय त्यानं सोडावा. आणि बागेच्या नळाचा, म्हणजे सॉफ्टनरचा विषय मांडा. हे मांडणारी बाई हरलेली वाटणार नाही कुणाला.

वाफा राहिला तर असं करा. आत्ता उन्हं कडक व्हायच्या आधी, वाफसा असताना, पहारीनं दीड-दोन फुटांवर भोकं पाडत त्या मुरमाचा दाबलेला थर फोडा, सगळा मुरूम वर आणू नका, फक्त ती रेघ मोडायची आहे. हे काम तुम्ही करू नका, गडी लावा, पाठ जाईल. मग माती ओढून तीन फूट रुंदीचे गादीवाफे करा, आठ-दहा इंच उंच, मधे चालायला वाट, गादीवर पाय कधीच ठेवायचा नाही. अर्ध्या जागेत गवार, चवळी, तांदुळजा आणि अंबाडी टाका, ही मंडळी आपल्या उन्हाला भीत नाहीत. अंबाडी तर सोलापूरच्या पूर्व भागातल्या कुठल्याही तेलुगू घरात विचारा, पाच प्रकार सांगतील. कोथिंबीर उन्हाळ्यात नको, आणि पुढच्या वेळी डब्यातले जुने धणे टाकू नका, बियाणं आणा, चपलेनं रगडून दोन फाका करा आणि रात्रभर भिजवून पेरा.

उरलेली अर्धी जागा एप्रिल-मे उघडी तापू द्या, पारा ४२ च्या वर जातो त्याचा तेवढातरी फायदा. ऊस तुटून गेलेल्या कुणाच्या शेतातून पाचट मिळालं तर आणून ठेवा, ते पुढं झाडांच्या बुडाला पसरायचं, मातीत मिसळायचं नाही. मृगाचा पाऊस झाला की त्या अर्ध्या भागात हिरवळीचं खत म्हणून ताग नाहीतर धैंचा दाट पेरा आणि फुलावर यायला लागला की, दीड महिन्यात, कापून गाडा. सप्टेंबरात आपल्याकडं पावसाचा जोर असतो, गेल्या वेळी त्यातच तुमची वांगी बसली, या वेळी गादी उंच असेल. तो पाऊस ओसरला, लाडू फुटायला लागला, की पालक, चुका, मेथी, मुळा. गाजराला अजून एक वर्ष थांबा.

आणि मेथी पेराल त्या दिवशी बी सासूबाईंच्या हातानं टाकून घ्या, ओळीत टाकतात का फोकून ते त्यांचं त्यांना ठरवू द्या. खड्ड्यातलं पाणी तासाला किती उतरलं आणि बागेचा नळ कुठल्या लाईनवर निघाला, हे दोन्ही मला पाडव्याच्या आधी कळवा, त्यावर गादी किती उंच करायची ते सांगतो.